खुर्चीमागे कोण उभं राहणार?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जानेवारीत करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. बारावीच्या मुलांना एकेक करून उभं करत होते आणि ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारत होते. पोलीस भरती, नर्सिंग, एमपीएससी, बीसीए अशी उत्तरं येत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मला हेअर ड्रेसर व्हायचंय. इथंच, गावात.” अख्खा हॉल हसला. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी मायेनं समजावलं, “बाळा, स्वप्न जरा मोठं बघ.” हसणारी पोरं होती, ती विसरून जातील. ते समजावणं मात्र मला लागलं, कारण ते मनापासून होतं.

पुढचे आठ-दहा दिवस स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर आणि एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच विषय चालला. एक बाजू म्हणत होती, हजामतच करायची तर बारावीपर्यंत शिकवलं कशाला? दुसरी म्हणत होती, नोकऱ्या राहिल्यात कुठे, बाहेरून कारागीर येऊन कमावतात आणि आपली पोरं लाजतात, करू द्या त्याला. ही दोन माणसं भांडत होती खरी, पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: हे काम खालचं. एकाला ते नको होतं आणि दुसऱ्याला नाइलाज म्हणून चालणार होतं. त्या मुलानं नाइलाज सांगितलाच नव्हता, इच्छा सांगितली होती. ह्या कामात चांगलं होणं म्हणजे काय, त्यात किती वर जाता येतं आणि वर जाणाऱ्याला नेमकं कोण अडवतं, हे कुणीच विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. तालुक्याच्या गावात राहून केस कापण्याच्या धंद्यात मोठी महत्त्वाकांक्षा बाळगता येते, आणि ती डॉक्टर किंवा तहसीलदार होण्याच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा हलकी नाही. अट एकच. तो धंदा जन्मानं कुणाच्या गळ्यात बांधलेला नसावा आणि जन्मामुळे कुणाला बंदही नसावा. ही अट पुरी करणं त्या एकट्या मुलाच्या हातात नाही, ते गावाच्या हातात आहे. म्हणून प्रश्न त्याला विचारण्याऐवजी आपण स्वतःला विचारायला हवा.

आधी कामाबद्दल, कारण ते न बघताच सगळे बोलतात. मी ज्यांच्याकडे पंचवीस वर्षं केस कापतो ते नाना. गिऱ्हाईक बसलं की नाना लगेच कात्री उचलत नाहीत. डोक्याच्या मागं दोन बोटं फिरवून भोवरा कुठं आहे, एक आहे की दोन, ते आधी बघतात. भोवऱ्याच्या उलट कापलं तर तिसऱ्या दिवशी केस उभे राहतात आणि माणूस आठ दिवस टोपी घालून फिरतो. “ओला केस खोटं बोलतो,” असं नाना म्हणतात. कुरळा केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो, म्हणून तो दोन बोटं जास्त ठेवायचा. आता पोरांना फेड लागतो. खाली मशीनचा झिरो नंबर, मग वर चढत एक, दीड, दोन, आणि त्यातली एकही रेघ दिसता कामा नये. दोन नंबरांमधली ती रेघ पुसायला कंगव्यावर मशीन किती अंशात धरायची हे पुस्तकात शिकून येत नाही. शेकडो डोकी हाताखालून गेल्यावर ते मनगटात येतं. ह्याला आपण कौशल्य म्हणत नाही, ‘कटिंग मारणं’ म्हणतो.

आपल्याकडे म्हण आहे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्हण आपण रिकामटेकड्यासाठी वापरतो आणि तुंबडी म्हणजे काय हे विसरतो. तुंबडी लावून रक्त काढणं हा उपचार होता, आणि तो करणारा हात न्हाव्याचा होता. युरोपातही तेच. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य एकाच संघात होते. १७४५ साली शल्यवैद्य वेगळे झाले आणि १८०० साली त्यांचं रॉयल कॉलेज उभं राहिलं. पातं एकच होतं. एका हातातल्या पात्यामागे कॉलेज आलं, परीक्षा आली, प्रमाणपत्र आलं, आणि दुसऱ्या हातातलं होतं तिथंच राहिलं. प्रतिष्ठा कामात आपोआप उगवते असं मानणाऱ्यांनी ह्या दोनशे-अडीचशे वर्षांचा विचार करावा. ती संस्थांनी घडवलेली असते, आणि जी घडवता येते ती पुन्हाही घडवता येते.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. तो आमच्या इतिहासाच्या प्राध्यापिका बाईंनी मांडला, आणि त्या हलक्या बोलणाऱ्यांतल्या नाहीत. “ज्या धंद्यातून बाहेर पडायला लोकांच्या तीन पिढ्या गेल्या, त्यालाच तुम्ही आता महत्त्वाकांक्षा म्हणता?” हे खरं आहे. बारा बलुतेदारांतला न्हावी वर्षाच्या धान्यावर बांधलेला होता. पाटलाच्या वाड्यावर बोलावलं की हत्यारांची धोकटी काखेत मारून जायचं, लग्नात सनई वाजायच्या आधीपासून राबायचं आणि खळ्यावर देतील ते सुपात घ्यायचं. जातिव्यवस्था ही श्रमांची वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडलं. त्या मांडणीपुढे ‘कामात लाज कसली’ हे बोलणं अगदी पोकळ वाटतं. कामात लाज नसेल, पण कामाच्या सक्तीत आहे. ज्या बापानं मुलाला वस्तरा धरू दिला नाही आणि डीएडला पाठवलं, त्यानं शहाणपणाचंच काम केलं.

ह्याच धंद्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. ती आणखी जड आहे. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्यातल्या आपल्या लहानपणाबद्दल लिहून ठेवलं आहे: गावात न्हावी होते, द्यायला पैसे होते, पण एकही न्हावी त्यांच्या केसांना हात लावत नव्हता. थोरली बहीण घरीच भावंडांचे केस कापायची, आणि कापून कापून तिचा हात त्यात बसला. सातारा, म्हणजे आपण ज्याला लहान शहर म्हणतो तेच. बलुत्यानं बांधलेल्या त्या न्हाव्याला पाटलाला नाही म्हणण्याची मुभा नव्हती आणि महाराच्या पोराला हो म्हणण्याचीही नव्हती. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं दुकानात असा मज्जाव करणं गुन्हा ठरवलं. तरी खेड्यापाड्यांतून अशी प्रकरणं अजून ऐकू येतात. तेव्हा लहान गावाच्या सलूनबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

पण ह्यातून निष्कर्ष काय काढायचा? सक्ती वाईट होती म्हणून कामच टाकून द्यायचं, की सक्ती मोडून काम मोकळं करायचं? एक साधी गोष्ट बघा. आमच्या गावात मुख्य रस्त्यावर बायकांची बरीच पार्लरं आहेत. मराठा, लिंगायत, ब्राह्मण, मुस्लिम, साळी, सगळ्या घरांतल्या बायका ती चालवतात. कोर्स करतात, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतात, आणि गाव त्यांना ‘पार्लरवाल्या मॅडम’ म्हणतं. केस त्याही कापतात, धुतात, रंगवतात, चेहऱ्यावर हात फिरवतात. त्याच रस्त्यावर चार दुकानं सोडून पुरुषांचं सलून आहे, तिथला माणूस मात्र ‘न्हावी’. काम एकच, कात्री एकाच कंपनीची. फरक इतकाच की पार्लरच्या धंद्याला जात चिकटायच्या आत तो कोर्स म्हणून गावात आला. म्हणजे कलंक केसांचा नव्हता, नावाचा होता. आणि जी गोष्ट बायकांच्या पार्लरनं आपल्या डोळ्यांदेखत पंचवीस-तीस वर्षांत करून दाखवली, ती पुरुषांच्या सलूनला अशक्य कशी?

तो मुलगा नाभिक समाजाचा नाही, हेही इथं सांगायला हवं. शेतकरी मराठा घरातला आहे. हॉलमधलं निम्मं हसू त्यामुळेच होतं. वडील मला भेटले तेव्हा त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “सर, भावकीत आम्हाला न्हावी म्हणतील.” आणि ज्या नानांकडे त्याला शिकायला जायचं होतं त्यांचा स्वतःचा मुलगा सोलापूरला फार्मसी करतोय, आणि नाना त्यावर खूश आहेत. प्राध्यापिका बाईंना मी हेच सांगितलं. ज्याला बाहेर जायचं त्याचा रस्ता मोकळा, ज्याला आत यायचं त्याचाही मोकळा. दोन्ही दारं उघडी असतील तरच त्या धंद्याला जातीचा म्हणता येणार नाही. नुसतं बाहेरचं दार उघडून आतलं बंद ठेवलं, तर आत राहिलेला माणूस कायमचा मागं राहिलेला ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरसासगिरी गावात शांताबाई यादवांनी नवरा गेल्यावर, पदरात लहान मुली असताना वस्तरा हातात घेतला. १९८० च्या दशकातली गोष्ट. तेव्हा बाईनं पुरुषाची दाढी करायची ही कल्पनाच गावाला सोसणारी नव्हती. लोकांनी नावं ठेवली, मग हळूहळू येऊन बसू लागले. दार असंच, धक्का देऊन उघडतं.

आणि धंदा करणाऱ्यांनी आपल्या धंद्याचा नियम स्वतः ठरवल्याचं उदाहरण ह्याच मातीत आहे. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० च्या सुमारास मुंबईत शेकडो न्हावी जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. सुधारक वर्षानुवर्षं ज्यावर निबंध लिहीत होते ते काम थांबवण्याची ताकद प्रत्यक्षात कुणाच्या हातात होती? वस्तरा धरणाऱ्याच्या. हातचं उत्पन्न सोडून त्यांनी नकार दिला. आपण शिवरायांच्या, नाभिक समाजातल्या जिवा महालांचं नाव भाषणात घेतो ते घ्यावंच, पण ह्या नकाराचा उल्लेख मी आमच्या गावच्या एकाही कार्यक्रमात ऐकलेला नाही. महत्त्वाकांक्षा म्हणजे शाखा किती आणि गाडी कोणती, एवढंच आपण मोजतो. माझ्या खुर्चीवर कोण बसेल आणि माझा हात कशाला लागणार नाही हे ठरवण्याचा अधिकार मिळवणं, हीसुद्धा महत्त्वाकांक्षाच आहे, आणि ती फार वरची आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. मी पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवतो, तेव्हा ह्यावर हिशेबानंच बोललेलं बरं. एका कटिंगला वीस मिनिटं धरा. दहा तास उभं राहिलं तरी दोन हातांनी तीसच्या वर डोकी होत नाहीत, आणि तीस येतात ती फक्त रविवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी. रोजची सरासरी बारा धरू, दर शंभर रुपये, सोमवार बंद म्हणून महिन्याचे २६ दिवस. ३१,२०० रुपये झाले. त्यातून दुकानभाडं, वीज, पाती, टॉवेल, क्रीम. दुसऱ्या खुर्चीवर कारागीर ठेवला तर त्या खुर्चीची निम्मी कमाई त्याची. छत आहे, हे मान्य. पण ते छत दोन हातांचं आहे, धंद्याचं नाही. वकिलाच्या आणि दातांच्या डॉक्टरच्या हातांनाही तेच छत असतं. ते ओलांडायचं तर तास वाढवून भागत नाही, कामाचा दर्जा वाढवावा लागतो: केस रंगवणं, लांब केसांचं काम, लग्नसराईत नवरदेवाची आठ दिवस आधीपासूनची तयारी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुसऱ्यांना शिकवणं. चार हात तयार करणारा माणूस आणि दोन हातांचा माणूस ह्यांचे ताळेबंद वेगळे असतात.

खरी अडचण दुसरीच आहे. नानांनी तीस वर्षांत वही ठेवली नाही. गल्ल्यातूनच घरचा किराणा, गल्ल्यातूनच मुलाची फी. दुकान चाललं, पण कागदावर ते कधी नव्हतंच, म्हणून बँकेनं ते कधी पाहिलं नाही. आता आरशाशेजारी क्यूआर कोड चिकटलाय आणि रोजच्या जमेला पुरावा मिळतोय. ज्या पोराला हिशेब येतो त्याच्यासाठी हे हत्यार कात्रीइतकंच धारदार आहे. बारावी कॉमर्स वाया जाते म्हणणाऱ्यांनी नानांच्या गल्ल्यात एकदा डोकावावं.

तिसरा आक्षेप शरीराचा आणि सुरक्षिततेचा. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, खांदा धरतो, पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कुलपं लागली ती महाराष्ट्रात २८ जूनला निघाली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती, दाढीला परवानगी नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. नानांनी त्या वर्षी बायकोच्या पाटल्या मोडल्या, हे मला माहीत आहे. ह्या आक्षेपापुढे मी मान झुकवतो. पण तो धंद्याविरुद्धचा आक्षेप नाही, विम्याच्या अभावाविरुद्धचा आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अलोन्झो हर्न्डन हा माणूस १८५८ साली गुलामगिरीत जन्मला. जोन्सबरो नावाच्या लहान गावात त्यानं केस कापायचं पहिलं दुकान टाकलं, पुढे अटलांटात मोठी दुकानं उभारली. १९०५ साली त्यानं एक छोटी परस्परसाहाय्य संस्था विकत घेतली आणि तिची आयुर्विमा कंपनी केली. देशातल्या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या मोठ्या कंपन्यांत ती गणली गेली. मला त्याच्याबद्दल आदर आहे. तरी त्याच्या आलिशान दुकानातल्या खुर्च्या फक्त गोऱ्यांसाठी होत्या हेही विसरता येत नाही. स्वतःच्या माणसाला तो स्वतःच्या खुर्चीवर बसवू शकत नव्हता. साताऱ्याची ती बहीण आणि अटलांटाचा हा मालक एकमेकांपासून किती दूर, आणि अडचण कशी एकाच जातीची! म्हणून म्हणतो, दुकान कितीही मोठं झालं तरी त्याच्या दारात कुणाला थांबावं लागतं, ह्यावर त्याचा मोठेपणा ठरतो.

‘एवढंच आहे तर पुण्याला जा’ हे चौथं बोलणं. जावं, शिकायला जावं, दोन वर्षं काढावीत. पण तिथंच राहिलं तर आयुष्यभर दुसऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहायचं आणि पगारातून दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं भरायचं, हे बहुतेकांचं होतं. गावात गिऱ्हाईक एकदा बसलं की तीस वर्षं बसतं. जावळ काढलेल्या पोराची नवरदेवाची दाढी तोच हात करतो. आणि फोनमुळे वाडीवरच्या पोरालाही कोणता कट हवाय ते नीट माहीत असतं. मागणी आली आहे, हात आलेले नाहीत.

हात येणार कुठून? सप्टेंबर २०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यातल्या अठरा धंद्यांत न्हावी आहे. १५,००० रुपयांची हत्यारं, आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज. नानांसारख्याला ह्याचा उपयोग आहे, आणि योजनेला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ही जातीचे धंदे घट्ट करणारी योजना आहे, ह्या टीकेत एक खरा काटा आहे. नोंदणी करताना माणूस त्या धंद्यात आधीच असावा लागतो. म्हणजे आतल्याला आधार, बाहेरून येऊ पाहणाऱ्याला दार नाही. आणि मूळ प्रशिक्षण पाच-सात दिवसांचं. चाळीस तासांत भोवरा तरी ओळखू येतो का? जर्मनीत केस कापायला शिकणारा साधारण तीन वर्षं उमेदवारी करतो, दुकानात काम आणि शाळेत अभ्यास दोन्ही, शेवटी परीक्षा देतो. स्वतःचं दुकान टाकायचं तर साधारणपणे त्यापुढची ‘माइस्टर’ ही परीक्षा लागते. तिथल्या लहान गावातही भिंतीवर ते प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे दुकान टाकताना हात कुणी तपासत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे, पण तो मुलींचा असं धरूनच आपण चालतो, आणि मुलगा चौकशीला गेला तर काउंटरवरचा माणूस वर मान करून बघतो. तालुक्याच्या आयटीआयनं तो मुलांसाठी मनापासून चालवावा, नानांसारख्या कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं, आणि नव्यानं येणाऱ्यालाही कर्ज मिळावं. मागण्या एवढ्याच आहेत, आणि त्या अवाजवी नाहीत.

मार्चपासून तो मुलगा सोमवारी, दुकान बंद असताना, नानांकडे जातो. वडिलांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. दीड महिना त्यानं नुसतं झाडलं, टॉवेल धुतले आणि नानांच्या मनगटाकडे बघितलं. गेल्या सोमवारी मी चष्मा विसरलो होतो म्हणून गेलो, तर अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत नाना स्वतः खुर्चीवर बसलेले, गळ्याभोवती कापड, आणि मागं हा कात्री घेऊन उभा. कान लाल झालेले. नानांनी हातातला आरसा मागं धरून डोकं डावीउजवीकडे वळवलं, बराच वेळ बघितलं. “डावीकडं पायरी राहिली,” म्हणाले. “आज असू दे तशीच. पुढच्या सोमवारी काढ.”